स्वच्छतेला वास असतो का?

भांडी घासायच्या द्रवाची बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला रसरशीत लिंबाचं चित्र असतं, चिरलेल्या फोडीवरून थेंब ओघळत असतो. थोडा द्रव घासणीवर घेतला की ओट्याभोवती लिंबाचा वास दरवळतो आणि कढईचा ओशटपणा निघून जातो. लिंबानंच तो काढला, असं मनाला सहज पटतं. आता तीच बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुतेक वेळा लिंबू सापडत नाही. सापडतो तो एक शब्द : ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’.

हाच शब्द अंगाच्या साबणावर आहे, शाम्पूवर आहे, टाल्कम पावडरीवर आहे, बाळाच्या मालिशच्या तेलावर आहे, कपडे धुण्याच्या पावडरीवर आणि फरशी पुसायच्या द्रवावरही आहे. सकाळच्या आंघोळीपासून रात्री उशीच्या अभ्र्यावर डोकं टेकेपर्यंत त्याची सोबत सुटत नाही. या एका शब्दामागे कधी दहा, कधी पन्नास, तर कधी शंभराच्या घरात वेगवेगळी रसायनं असू शकतात. ती काय काम करतात, स्वच्छतेशी त्यांचा संबंध किती, आणि त्यांच्यापासून जपायचं कुठे, हे एकेक पायरी चढत समजून घेऊ.

घाण नेमकी काढतं कोण?

तेल आणि पाण्याचं पटत नाही, हे आपण रोज पाहतो. तेलकट ताटावर कितीही पाणी ओतलं तरी ते वरून घरंगळून जातं. दोघांचं जमवायचं तर मध्यस्थ हवा, दोन्ही घरांत ऊठबस असलेला. साबणाचा रेणू हा असा मध्यस्थ आहे. तो टाचणीसारखा कल्पून पाहा. टाचणीच्या डोक्याला पाणी आवडतं, टोकाला तेल. घासताना हजारो टाचण्यांची टोकं तेलाच्या थेंबात रुततात आणि डोकी बाहेर पाण्याकडे राहतात. तेलाचा थेंब असा चारी बाजूंनी वेढला गेला की ताटावरची पकड सोडतो आणि पाण्याबरोबर मोरीत वाहून जातो.

रिठा आणि शिकेकाई हेच काम करतात. त्यांच्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांचे रेणू असेच दुतोंडी असतात, म्हणून त्यांना फेस येतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण बनतो, तोही असाच. कपड्यांच्या पावडरीत आणि भांड्यांच्या द्रवात बहुधा पेट्रोलियमपासून बनवलेला असा रेणू असतो. घरगुती उद्योग म्हणून हे द्रव बनवणाऱ्या महिला बचत गटांना तो ‘ॲसिड स्लरी’ या बाजारातल्या नावानं ठाऊक असतो. स्लरी कॉस्टिक सोड्यानं शमवली की तिची फेस देणारी, तेल उचलणारी पेस्ट होते.

या सगळ्या कामात सुगंधाचा वाटा जवळपास शून्य आहे. लिंबाच्या सालीच्या तेलातलं जे मुख्य द्रव्य, ते लिमोनीन, भरपूर प्रमाणात वापरलं तर तेल खरोखर विरघळवतं, आणि काही औद्योगिक क्लीनर त्याच्याच बळावर चालतात. भांड्यांच्या बाटलीत मात्र ते वासापुरतं, चिमूटभर असतं. सुगंध काढून टाकला तरी कढई तेवढीच लख्ख निघेल.

मग तो घालतात कशाला? एक कारण अगदी व्यवहारी आहे. साबणाच्या कच्च्या मालाला, स्लरीला स्वतःचा उग्र, नकोसा वास असतो. तो झाकावा लागतो. दुसरं कारण आपल्या मनात आहे. घाण डोळ्यांना दिसते, स्वच्छता दिसत नाही. फरशी वाळली की ती तासाभरापूर्वी पुसली की काल, हे नुसतं पाहून कळत नाही. तिथे वास पावतीचं काम करतो : ‘काम झालं’. पावती म्हणजे माल नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

नाकाची बाराखडी

एखाद्या वस्तूचा वास येतो म्हणजे तिचे रेणू सुटून हवेत उडालेले असतात आणि श्वासाबरोबर नाकात शिरलेले असतात. स्टीलच्या पेल्याला वास नाही, कारण स्टीलचे अणू उडत नाहीत. मोगऱ्याला आहे, कारण त्याची बाष्पं सतत उडत असतात. वास घेणं म्हणजे त्या पदार्थाचा सूक्ष्म अंश आत घेणं. पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीवर उभी आहे.

नाकपुडीच्या वरच्या टोकाला, साधारण दोन डोळ्यांच्या मधल्या पातळीवर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक ओलसर जागा असते. तिथे वास टिपणारे ग्राहक असतात. माणसात त्यांचे सुमारे ४०० प्रकार काम करतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये शोधून काढली आणि त्यासाठी २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ग्राहक ४०० असले तरी आपण त्याहून कितीतरी जास्त वास ओळखतो. हे कसं जमतं? बाराखडी आठवा. अक्षरं मोजकी, पण त्यांच्या जुळणीतून शब्द अगणित होतात. एक रेणू एका वेळी अनेक ग्राहकांना कमी-जास्त चाळवतो, आणि मेंदू ती सगळी जुळणी एका शब्दासारखी वाचतो : ‘मोगरा’, ‘फोडणी’, ‘पहिला पाऊस’.

हे वाचन किती बारकाईचं असतं, ते कार्व्होन नावाच्या रेणूवरून कळतं. उजवा आणि डावा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, तशी या रेणूची दोन रूपं आहेत. अणू तेच, संख्या तीच, फक्त वळण उलटं. एका रूपाला स्पिअरमिंट पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला बाळंतशेपेचा. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही, तसे हे दोघे वेगवेगळ्या ग्राहकांत बसतात.

नाकाची आणखी एक सवय घरच्या वापराशी थेट जोडलेली आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत ग्राहक आणि मेंदू दोघेही तिकडे लक्ष देईनासे होतात. दारातून आलेल्या पाहुण्याला आपल्या घराचा वास लगेच जाणवतो, आपल्याला नाही, तो यामुळे. मग होतं काय, तर ‘हल्ली या लिक्विडला पूर्वीसारखा वास येत नाही’ म्हणून आपण बादलीत आणखी एक टोपण ओततो. वास कमी झालेला नसतो, आपलं नाक सरावलेलं असतं.

मांडवातले पाहुणे

दुकानात बाटली उघडून घेतलेला वास आणि संध्याकाळी कपड्यांना येणारा वास सारखा नसतो. लग्नाच्या मांडवाचं उदाहरण घ्या. काही पाहुणे अक्षता पडल्या की निघतात. बरेच जण जेवून जातात. घरचे लोक मांडव उतरेपर्यंत थांबतात. सुगंधी मिश्रणातही असेच तीन गट असतात.

लिंबू, संत्रं यांच्या वासाचे रेणू हलके आणि चपळ असतात. ते बाटली उघडताच नाकाशी येतात आणि काही मिनिटांत निघून जातात. गुलाबासारख्या फुलांच्या वासाचे रेणू काही तास रेंगाळतात. चंदन, वाळा आणि कस्तुरीच्या जातीचे वास जड रेणूंचे, ते दिवसभर, कधी काही दिवससुद्धा टिकतात. सुगंधकाराचं कौशल्य या तिघांची पंगत नीट लावण्यात असतं.

कपड्यांच्या पावडरीपुढे मोठी अडचण असते. तिचा वास धुणं, खळबळणं, पिळणं आणि गच्चीवरचं ऊन या सगळ्यांतून वाचायला हवा. म्हणजे मुक्कामी राहणारे रेणू हवेत, आणि मुक्कामी वासांची राणी म्हणजे कस्तुरी. खरी कस्तुरी मिळते नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून. ती दुर्मीळ आणि महाग, तिच्यापायी ते हरीण जिवाला मुकतं. १८८८ मध्ये जर्मनीत आल्बर्ट बाउर हा रसायनशास्त्रज्ञ स्फोटकांवर काम करत होता. टीएनटीशी नातं सांगणाऱ्या एका द्रव्याला त्याला कस्तुरीसारखा वास आला. तिथून स्वस्त कृत्रिम कस्तुरीचं युग सुरू झालं आणि ती साबणा-पावडरींत शिरली.

पुढे तिची दुसरी बाजू कळली. १९८१ मध्ये जपानमधल्या तामा नदीच्या माशांमध्ये ही कृत्रिम कस्तुरी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. १९९० च्या दशकात ती आईच्या दुधातही आढळली. सहजी न उडणं, सहजी न विघटणं आणि चरबीत मुरणं, हे ज्या गुणांमुळे ती कापडाला धरून राहते, त्याच गुणांमुळे ती मोरीतून नदीत, नदीतून माशात आणि माणसाच्या चरबीत जाऊन बसते. त्यातली मस्क ॲम्ब्रेट मज्जातंतूंना घातक ठरली आणि युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांत तिच्यावर बंदी घातली. मस्क झायलीनचाही वापर तिथे बंद झाला. आज वापरात असलेले कस्तुरीचे प्रकार वेगळे आहेत, पण त्यांच्यातला गॅलॅक्सोलाइडसारखा रेणू जगभरच्या नद्यांच्या पाण्यात सापडतो.

वास टिकवण्याची दुसरी युक्ती म्हणजे सूक्ष्म कुप्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या कवचांत सुगंध भरून ती कवचं कापडाला चिकटवली जातात. टॉवेलनं अंग पुसलं, शर्टाची बाही घासली की काही कुप्या फुटतात आणि ताजा वास येतो. ‘आठवडाभर सुगंध’ असं लिहिलेल्या फॅब्रिक सॉफ्टनरांच्या दाव्यामागे बऱ्याचदा ही करामत असते. फुटलेली कवचं शेवटी पाण्यात जातात. युरोपीय संघानं २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर जे निर्बंध आणले त्यांत या कुप्याही आल्या. उत्पादकांना पर्याय शोधायला २०२९ पर्यंतचा अवधी दिलेला आहे.

प्रयोगशाळेतला मोगरा

‘केमिकल नको, नैसर्गिक द्या’ असं आपण दुकानात म्हणतो. या वाक्यात दोन गोष्टींचा घोळ झालेला आहे, आणि तो सोडवायला खानदेशाइतकं चांगलं उदाहरण नाही. खानदेशाच्या माळरानांवर रोशा नावाचं गवत वाढतं. त्याचं तेल काढलं की त्यात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य भरपूर निघतं. हेच द्रव्य गुलाबाच्या अत्तरातही असतं. एकोणिसाव्या शतकात हे रोशाचं तेल मुंबई बंदरातून थेट तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. भेसळ सहज पचत असे, कारण गुलाबातलं जिरॅनिऑल आणि गवतातलं जिरॅनिऑल यांत काडीचाही फरक नाही. रेणूला आपलं माहेर आठवत नाही.

हे एकदा उमगल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी फुलांची वाट सोडून प्रयोगशाळेत सुगंध घडवायला घेतले. इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कूमरिन बनवलं, ज्याला नुकत्याच कापून वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास येतो. जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी १८७४ मध्ये पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या द्रव्यातून व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा वास, तयार केला. १८९३ मध्ये टीमान यांनीच व्हायोलेट फुलांच्या वासाचं आयोनोन बनवलं, आणि त्यासाठी लागणारं सिट्रल गवती चहाच्या तेलात मुबलक असतं. आपल्या चहाच्या पातेल्यातला तो लिंबासारखा वास या सिट्रलचाच.

आज साबणातला ‘मोगरा’ बहुधा बेंझिल ॲसिटेटसारख्या कारखान्यात बनणाऱ्या द्रव्यांचा असतो. मोगऱ्या-जाईच्या फुलांतही तेच द्रव्य असतं. साबणातलं ‘चंदन’ बऱ्याचदा टर्पेंटाइनपासून सुरू होणाऱ्या रसायनक्रियांतून येतं. देव्हाऱ्यासमोर आपण जाळतो तो कापूरही पूर्वी कापराच्या झाडापासून मिळे, आज तोही मुख्यतः टर्पेंटाइनपासूनच बनतो. भांड्यांच्या द्रवातल्या ‘लिंबा’चा मोठा भाग तर संत्र्याचा असतो. रस काढून उरलेल्या सालींच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, आणि ते स्वस्त पडतं.

यात फसवणूक शोधायची गरज नाही. सगळ्या जगाच्या साबणांना पुरतील एवढी चंदनाची झाडं पृथ्वीवर नाहीत. लक्षात घ्यायचं ते इतकंच की नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि कृत्रिम म्हणजे घातक, ही विभागणी शरीराला ठाऊक नाही. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनामल ही दोन्ही घरगुती, मसाल्याच्या डब्यातली द्रव्यं. त्वचारोगतज्ज्ञ सुगंधाची ॲलर्जी तपासतात तेव्हा त्यांच्या यादीत ही दोन्ही असतात.

त्वचा कधी बिथरते?

त्वचेचा त्रास दोन प्रकारचा असतो आणि तो वेगळा ओळखता आला पाहिजे.

पहिला साधी झीज. फेस करणारा रेणू ताटावरचं तेल काढतो, तसं हाताचं नैसर्गिक तेलही काढतो. वारंवार ते निघत गेलं की कातडी कोरडी पडते, भेगाळते, चुरचुरते. हे कुणालाही होऊ शकतं. ज्यांचे हात सर्वाधिक वेळ साबणाच्या पाण्यात असतात त्यांना सर्वाधिक होतं, म्हणजे चार-चार घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंना.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा, आणि सुगंधी द्रव्यं त्यात आघाडीवर आहेत. त्याची रीत सोसायटीच्या वॉचमनसारखी आहे. अनोळखी माणूस पहिल्यांदा आला तेव्हा वॉचमननं त्याला आत सोडलं, पण का कोण जाणे, त्याचा चेहरा वहीत ‘संशयित’ म्हणून नोंदवून ठेवला. पुढच्या वेळी तोच माणूस फाटकाशी दिसला की शिट्ट्या, धावपळ, गोंधळ. सुगंधाचे रेणू लहान असतात. ते त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि ही जोडगोळी काही जणांच्या प्रतिकारशक्तीला परकी वाटते. नोंद होते तेव्हा काहीच जाणवत नाही. नंतर कधी तरी तोच रेणू आला की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, पुरळ उठतं. म्हणून ‘हा साबण तर मी वर्षानुवर्षं वापरतेय, त्यानं कसं होईल?’ हा युक्तिवाद टिकत नाही. आणि पुरळ लगेच न उठता दोन दिवसांनी उठत असल्यामुळे चोर सापडत नाही.

या गोष्टीत एक घरगुती धडा दडलेला आहे. जुन्या खोबरेल तेलाला खवट वास येतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला लागलेला असतो. लिमोनीन आणि लिनालूल या सुगंधी द्रव्यांचंही तसंच होतं. लिनालूल धण्यांत आणि लॅव्हेंडरमध्ये असतं. ताजी असताना ही दोन्ही द्रव्यं त्वचेला फारशी त्रासदायक नसतात. हवा लागून लागून ती ‘खवटली’ की त्यांच्यापासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची द्रव्यं बनतात, आणि ती ॲलर्जी जागवण्यात फार पुढे असतात. अर्धवट टोपणाची, खिडकीत उन्हात पडलेली, दोन वर्षं जुनी तेलाची किंवा अत्तराची बाटली त्वचेला लावू नये, ती यासाठी.

संशय आला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे ‘पॅच टेस्ट’ होते. संशयित द्रव्यांच्या छोट्या चकत्या पाठीवर दोन दिवस चिकटवतात, काढल्यावर आणि पुन्हा दोन दिवसांनी त्वचा पाहतात. ज्या चकतीखाली पुरळ उठलं, तो चोर. काखेत, मानेवर, कानामागे किंवा बोटांच्या बेचक्यांत वारंवार खाज उठत असेल तर मलमं बदलत बसण्यापेक्षा ही तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

घरातल्या हवेत काय मिसळतं?

उडालेला सुगंध हवेतच राहतो आणि कधी कधी तिथे नवी रसायनंही घडवतो. दुपारी उन्हात रस्त्यावरच्या धुरापासून ओझोन तयार होतो आणि खिडकीवाटे थोडा घरात येतो. लिमोनीनशी त्याची गाठ पडली की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक म्हणून नोंदलेलं द्रव्य आहे. हवेशीर घरात त्याचं प्रमाण अल्प राहतं. बंद खोलीत, एसी लावून, तासन्‌तास रूम फ्रेशनर चालू ठेवला तर ते वाढतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं की गाड्यांचं प्रदूषण घटत गेलेल्या शहरांत पेट्रोलियमजन्य बाष्पांचा जवळपास निम्मा वाटा आता रंग, कीटकनाशकं, क्लीनर आणि परफ्यूम यांसारख्या वस्तूंचा आहे.

रूम फ्रेशनर दुर्गंध घालवतो, हा समजही तपासून घ्यायला हवा. बहुतेक फ्रेशनर दुर्गंधाच्या आवाजावर आपला आवाज चढवतात, इतकंच. कचऱ्याच्या डब्याचा वास डबा रिकामा करून, धुऊन आणि खिडकी उघडूनच जातो.

उदबत्तीची गोष्ट थोडी वेगळी. बाजारातल्या बऱ्याच उदबत्त्या बनवताना कोऱ्या काड्या सुगंधी द्रावणात बुडवतात, आणि ते द्रावण पातळ करायला डायइथाइल थॅलेट नावाचा द्रव वापरला जातो. काडी जळते तेव्हा वासाबरोबर धूर आणि त्यातले सूक्ष्म कणही येतात. देवघराची खिडकी उघडी ठेवून एक काडी लावणं आणि दार लावून जुडगा पेटवणं, यांत फुप्फुसांच्या दृष्टीनं मोठं अंतर आहे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर फूल आणि निरांजन पुरेसं आहे.

आता दोन अतिपरिचित वस्तू. पहिली डांबरगोळी. ती नॅफ्थॅलीन नावाच्या द्रव्याची असते. ते न वितळता थेट घन स्थितीतून हवेत उडतं, म्हणूनच गोळी दिवसेंदिवस बारीक होत जाते. ती उडालेली वाफ कपड्यांत मुरते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून काढलेल्या दुपट्यात गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. मोठ्या मायेनं जपून ठेवलेलं पणजीचं दुपटं असं बाळाच्या जिवावर बेतू शकतं. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांबरोबर कधीही ठेवू नका. कडुनिंबाची सुकवलेली पानं ही जुनी रीत त्यासाठी चांगली. दुसरी वस्तू कापूर. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर थोड्या वेळात झटके येऊ शकतात. त्याची डबी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, आणि सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाला कापूर चोळू नये.

आणि एक नियम कोणताही अपवाद न करता पाळण्याचा : दोन क्लीनर कधीही एकत्र ओतू नका. अनेक टॉयलेट क्लीनरांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचिंग पावडर किंवा द्रव ब्लीच त्यात मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. तो श्वासनलिका जाळतो आणि कोंदट संडासात जीव घेऊ शकतो. दोन्हींना छान वास असला तरी हा धोका तिळमात्र कमी होत नाही.

लेबल वाचायचं कसं?

भारतात सौंदर्यप्रसाधनांचं नियमन २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली होतं आणि घटकांची यादी वेष्टनावर द्यावी लागते. सुगंधाचं मिश्रण मात्र त्या यादीत एका शब्दात मावतं. सुगंधकारांची कृती हे व्यापारी गुपित मानलं जातं, त्याचा हा परिणाम. फरशी पुसायच्या आणि भांडी घासायच्या द्रवांवर तर अनेकदा पूर्ण यादीही दिसत नाही.

युरोपीय संघानं यातून वाट काढली. पूर्ण कृती उघड करायला न लावता, ॲलर्जी करणाऱ्या २६ द्रव्यांची नावं ठरावीक प्रमाणापुढे छापणं त्यांनी २००५ पासून सक्तीचं केलं. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूंसाठी ही मर्यादा ०.००१ टक्के, धुऊन टाकण्याच्या वस्तूंसाठी ०.०१ टक्के. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ऐंशीच्या पुढे नेली. लिलिअल नावाचं, फुलासारख्या वासाचं एक लोकप्रिय द्रव्य प्रजननाला घातक ठरू शकतं असं दिसल्यावर मार्च २०२२ पासून तिथल्या प्रसाधनांतून ते हद्दपार झालं. आपल्याकडच्या काही उत्पादनांवरही ‘परफ्यूम’नंतर लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल अशी नावं दिसतात. ती दिसली म्हणून बाटली वाईट ठरत नाही. उलट त्या उत्पादकानं आपल्याला माहिती दिलेली असते. ज्याला त्या द्रव्याची ॲलर्जी आहे, त्याला ती उपयोगी पडते.

‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हे दोन शब्दही सारखे नाहीत. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही, पण मूळ वास झाकायला सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ॲलर्जी असलेल्यांनी ‘फ्रेग्रन्स-फ्री’ शोधावं आणि तरीही मागची यादी वाचावी.

थोडक्यात

• घाण साबणाचा दुतोंडी रेणू काढतो. सुगंधाचा त्यात वाटा जवळपास नसतो.
• नाक काही मिनिटांत सरावतं. वास कमी वाटला म्हणून द्रव वाढवू नका.
• नैसर्गिक असो वा कृत्रिम, रेणू तोच असेल तर परिणामही तोच.
• जुनी, उघडी राहिलेली सुगंधी तेलं आणि अत्तरं त्वचेला लावू नका.
• फरशी पुसताना, उदबत्ती लावताना खिडकी उघडी ठेवा.
• बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नकोत. बाळाची कातडी पातळ असते, त्याच्यासाठी सुगंधविरहित साबण आणि तेल घ्या.
• टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका.

सुगंध हे माणसाचं जुनं आणि सुंदर सुख आहे. दिवाळीच्या पहाटेचं उटणं, गणपतीसमोरचा केवडा, ओंजळीतली बकुळीची फुलं, यांना आयुष्यातून वजा करा, असं कुणी म्हणणार नाही. सुख म्हणून सुगंध जरूर घ्यावा. स्वच्छतेचा पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबू नये, कारण खरोखर स्वच्छ झालेल्या ताटाला, फरशीला आणि कपड्याला कसलाही वास नसतो.

एक छोटी विनंती करून थांबतो. पुढच्या महिन्याच्या किराणा यादीत भांड्यांचा द्रव लिहाल तेव्हा कमी वासाचा, शक्य तर बिनवासाचा निवडा, आणि त्याच यादीत रबरी हातमोज्यांचा एक जोडही लिहा. घरी भांडी घासायला ज्या ताई येतात त्यांच्या मापाचा. बाटलीवरचं लिंबू आपण पाहतो, त्या बाटलीतला द्रव दिवसभर त्यांच्या हातांवरून वाहत असतो.